माहिती चौकट : स्पेसर बसवताना

मानपूरहून जानापावच्या डोंगराकडे चिखलवाटेने गाडी चढवणाऱ्यांना चाके थोडी बाहेर हवी असतात. दोन्ही बाजूंना हब आणि चाक यांच्यामध्ये ३० मिमीचे स्पेसर घातले, की एका अ‍ॅक्सलवरच्या चाकांमधले अंतर ६० मिमीने वाढते आणि गाडी आडव्या उतारावर जास्त भक्कम उभी राहते.

जिप्सी आणि जिम्नी, दोन्हींना पाच स्टड, १३९.७ मिमीच्या वर्तुळावर. मधले भोक १०८ मिमी. स्पेसर याच मापाचा, हबवर नेमका बसणारा घ्यावा. फट राहिली तर चाक थरथरते. नुसती जाड चकती घालून मूळ स्टडवरच चाक कसले, तर नटाला आटे कमी मिळतात. घात तिथेच होतो. म्हणून स्वतःचे स्टड असलेलाच स्पेसर निवडावा.

घरी काम करताना जमीन सपाट, उरलेल्या चाकांना दगड आणि जॅकच्या जोडीला घोडी हवीच. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण घासून काढायचा. गंजाचा थर नंतर दबतो आणि नट सैल पडतात. मूळ स्टडची टोके स्पेसरबाहेर डोकावत असतील, तर चाक नीट टेकते ना, हे बघावे. नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळायचे. जिम्नीच्या चाकाच्या नटांना १०० न्यूटन-मीटर. स्पेसरच्या नटांसाठी त्याच्या निर्मात्याचा आकडा. शंभरेक किलोमीटरनंतर चाके उतरवून आतले नटही पुन्हा तपासायचे. नेमके हेच बरेच जण टाळतात.

बेअरिंगवरचा ताण वाढतोच. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करा, मगच पाना हाती घ्या.