अक्षरावरून शब्दाचे कूळ

इंग्रजी शब्दकोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. त्यामुळे ‘वाय’ने सुरू होणारे शब्द काढणे सोपे आहे, परंतु ज्याच्या पोटात दोन ‘वाय’ आहेत असा १२ अक्षरी शब्द हवा असेल, तर कोशाची ही मांडणी उपयोगी पडत नाही. जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेला यमककोश प्रसिद्ध केला. त्याने शब्दाच्या शेपटाची सोय झाली, पोटाची नाही. आज संगणक क्षणात यादी देतो; पण ते अक्षर त्या शब्दात का आले, हे यादीतून कळत नाही.

मी बेळगाव भागात बरीच वर्षे इंग्रजी शिकवतो. अमुक अक्षरे असलेला सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ मुलांना आवडतो. मात्र त्याच मुलांना स्पेलिंगची धास्ती असते, कारण ते केवळ घोकायचे असते अशी त्यांची समजूत असते. हा खेळ नीट खेळला तर ती धास्ती कमी होते, असा माझा अनुभव आहे. त्याची रीत येथे मांडतो. इंग्रजीच्या संदर्भात अक्षर म्हणजे स्पेलिंगमधले एकेक चिन्ह, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रीत अशी की, अक्षर शोधू नये. ते अक्षर ज्या घराण्यात नांदते ते घराणे शोधावे. इंग्रजीचे लांब शब्द मुख्यतः तीन घराण्यांतून आले आहेत: ग्रीक, लॅटिन (थेट किंवा फ्रेंचमार्गे) आणि मूळचे जर्मॅनिक.

शब्दाच्या मध्यभागी ‘वाय’ दिसला की बहुधा ग्रीक मूळ समजावे. अनेक या अर्थी ‘पॉली’, पाणी या अर्थी ‘हायड्रो’, मन या अर्थी ‘सायको’, चक्र या अर्थी ‘सायकल’ या सर्वांच्या स्पेलिंगात ‘वाय’ आहे. असे दोन घटक जोडले की दोन ‘वाय’ मिळतात. अनेक अवयवांचा, या अर्थाचा ‘पॉलिसिलॅबिक’ हा १२ अक्षरी शब्द तसाच बनला आहे. ‘सायकोफिजिऑलॉजी’त १६ अक्षरे आणि तीन ‘वाय’ आहेत. ‘फ’साठी ‘पी-एच’ आणि ‘क’साठी ‘सी-एच’ ही जोडीही बहुधा ग्रीक घराण्याचीच खूण असते.

‘डब्ल्यू’ हवा असेल तर ग्रीक-लॅटिनकडे जाऊन उपयोग नाही. दोन ‘यू’ जोडून घडलेले हे अक्षर लॅटिनच्या जुन्या वर्णमालेत नव्हतेच. म्हणून मूळचे इंग्रजी शब्द एकमेकांना जोडावेत. ‘नॉटविथस्टँडिंग’ १५ अक्षरांचा, ‘होलहार्टेडनेस’ १६ अक्षरांचा, तर ‘स्ट्रेटफॉरवर्डनेस’ १९ अक्षरांचा आहे. ‘स्ट्रेंग्थ्स’ हाही याच घराण्यातला: ९ अक्षरे आणि त्यांत स्वर एकच.

‘क्यू’ बहुधा लॅटिनकडून येतो. पंचवार्षिक या अर्थाच्या ‘क्विन्क्वेनियल’मध्ये तो दोनदा आहे. ‘क्वीन’ आणि ‘क्विक’ मात्र मूळचे इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत ते ‘सी-डब्ल्यू’ अशा ध्वनिजोडीने सुरू होत. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आल्यानंतर लेखनिकांनी फ्रेंच वळणाने तेथे ‘क्यू-यू’ लिहिण्याची रूढी पाडली. म्हणजे शब्द घरचाच राहिला, पोशाख तेवढा बदलला.

पाचही स्वर क्रमाने येणारे शब्द म्हणून ‘फसीशस’ आणि ‘ॲबस्टीमियस’ नेहमी सांगितले जातात. यात चमत्कार वाटतो, पण उलगडा सोपा आहे. लॅटिन वळणाचा जो प्रत्यय त्यांच्या शेवटी आहे, त्यातच ‘आय’, ‘ओ’, ‘यू’ क्रमाने बसलेले आहेत. त्यांच्या आधी फक्त ‘ए’ आणि ‘ई’ एवढेच लागतात. एकही अक्षर पुन्हा न येणारा १५ अक्षरी ‘डर्मटोग्लिफिक्स’ हा शब्दही असाच फोडता येतो. बोटांवरील रेषांच्या अभ्यासाला हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये हे नाव दिले. त्यात त्वचा आणि कोरीव खूण या अर्थांचे दोन ग्रीक घटक आहेत.

अपवाद अर्थातच आहेत. ‘गुडबाय’मध्येही ‘वाय’ आहे, पण तो ग्रीक नाही. तेव्हा अक्षराला पुरावा न मानता सुगावा मानावा आणि खात्री व्युत्पत्तिकोशात करून घ्यावी.

हा विचार आपल्या भाषेला परका नाही. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘ळ’चे शब्द शोधताना आपला कोशही इंग्रजी कोशासारखाच अपुरा पडतो. अभिजात संस्कृतात ‘ळ’ नाही. वैदिक पाठात तो आढळतो. त्यामुळे कमल-कमळ, फल-फळ, काल-काळ अशा जोड्यांत ‘ळ’ असलेले रूप मराठीच्या तोंडी घडलेले, हे पाहताच ओळखता येते. उलट, शब्दात विसर्ग किंवा ‘ऋ’ दिसला की तो बहुधा तत्सम असतो. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आमच्याकडच्या मुलांच्या कानाला दोन्ही भाषांतला ‘ळ’ परिचित असतो. त्यांना हिंदीच्या पुस्तकात ‘फल’ भेटतो, तेव्हा हा फरक ती आपणहून बोलून दाखवतात.

शिक्षकांनी प्रयोग म्हणून एका तासाला इंग्रजी ‘वाय’चे दहा आणि मराठी ‘ळ’चे दहा शब्द मुलांकडून जमवून घ्यावेत आणि फळ्यावर ते घराण्यांप्रमाणे मांडावेत. न बसणारे शब्द निराळ्या रकान्यात लिहावेत. मुलांचे बहुतेक प्रश्न त्या रकान्यातूनच निघतात, आणि पुढचा तास तेथून सुरू करता येतो.