धावा जरूर, पण गोळी सोडू नका

गेल्या महिन्यात एक तरुण आईबरोबर दवाखान्यात आला. चार वर्षांपूर्वी त्याला 'बायपोलर' म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य असा आजार झाला होता. लिथियमच्या गोळ्यांनी तो सावरला. आता मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या मदतीकरिता त्याला दहा किलोमीटरच्या शर्यतीत धावायचे होते. "डॉक्टर, धावल्यावर इतकं बरं वाटतं, मग गोळ्या कशाला?" असे तो म्हणाला. आईची काळजी निराळीच. "धावू दे त्याला, पण कशासाठी ते गावात कळायला नको."

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

धावण्याने झोप सुधारते, मनावरचा ताण हलका होतो. सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा चांगला उपयोग होतो. मनोविकारांच्या काही औषधांनी वजन व साखर वाढते, त्यालाही आळा बसतो. परंतु बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियात व्यायाम हा औषधाचा जोडीदार आहे, पर्याय नव्हे. बरे वाटते म्हणून गोळी सोडणाऱ्यांचा आजार पुष्कळदा उलटतो.

लिथियम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घामावाटे पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी पुढची गोळी न घेता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. पाय दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; त्यांनीही लिथियम वाढते. सराव सुरू करण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांना सांगून रक्त तपासून घ्यावे.

सरावाला किमान दहा-बारा आठवडे द्यावेत. आधी भरभर चालणे, मग थोडे धावणे, थोडे चालणे. धावताना बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवावा. सकाळी उन्हाआधी धावावे. कामशेतकरांनी हायवे टाळावा. चाळिशीपुढच्यांनी रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे.

आता आईचा प्रश्न. अशा शर्यतीत धावणारा नातेवाईक-मित्रांकडे संस्थेसाठी देणगी मागतो. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधून कितीतरी संस्थांना असा निधी मिळाला. पण मागायचे तर कशासाठी ते सांगावे लागते आणि आजाराचे नाव चारचौघांत उच्चारले जाते. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. पुण्यातील 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' आणि २००४ चा 'देवराई' चित्रपट यांच्यामागे त्यांची धडपड होती. लपवाछपवीमुळे आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांपर्यंत फार उशिरा पोहोचतो.

अर्थात स्वतःचा आजार सांगायचा की नाही, हे रुग्णानेच ठरवावे. न सांगताही संस्थेसाठी धावता येते. मी मायलेकांना तेच सांगितले. मुलगा गोळ्या चालू ठेवून सराव करतो आहे. परवा आई रिपोर्ट दाखवायला आली, तेव्हा देणगीसाठी भावाकडे शब्द टाकल्याचे तिने आपणहून सांगितले.

मनाच्या त्रासासाठी 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.