वेड्यांच्या कैवारी डिक्सबाई

वेड्यास थंडी वाजत नाहीं, असा एक क्रूर समज पूर्वीं अमेरिकेंत होता. तो खोटा ठरविणाऱ्या एका शिक्षिकेची हकीकत आम्ही येथें देत आहों.

१८४१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगांत डोरोथिया डिक्स या स्त्री-कैद्यांस धर्मपाठ देण्यास गेल्या. तेथें निरपराध वेडे लोक विस्तवावांचून गारठलेल्या खोलींत कोंडलेले त्यांना आढळले. बाई केवळ हळहळून स्वस्थ बसल्या नाहींत. संस्थानांतील तुरुंग व गरीबखाने हिंडून त्यांनीं दिसलें तें गांववार टिपलें व १८४३ सालीं कायदेमंडळापुढें अर्जरूपानें मांडलें. वूस्टर येथील वेड्यांचें रुग्णालय त्यामुळें वाढविण्यांत आलें.

परंतु इमारत एकदां बांधून भागत नाहीं. वैद्य, अन्न व औषध यांचा खर्च दरवर्षींचा. यास्तव एक कोटी एकर सरकारी जमीन या कामीं द्यावी, असें बिल बाईंच्या खटपटीनें १८५४ सालीं दोन्ही सभागृहांत पास झालें. अध्यक्ष पिअर्स यांनीं मात्र, दानधर्म हें मध्यवर्ती सरकारचें काम नव्हे, म्हणून तें नामंजूर केलें. गांवोगांवच्या मानसोपचार-केंद्रांस त्या सरकारनें पैसा देण्याचा कायदा होण्यास १९६३ साल उजाडावें लागलें.

दया अंतःकरणांत उपजते; पण ती टिकण्यास पुरावा व पैसा दोन्ही लागतात, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थिमित्रहो, कोणास वेडा म्हणून हंसण्यापूर्वीं ती थंड खोली आठवा.