भंगाराच्या काट्यावरची वही

देव्हाऱ्यातले चांदीचे टाक झिजले, देवाचे नाकडोळे पुसट झाले, की ते नव्याने घडवून घ्यायची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. तुळजापुरात त्यासाठी आलेली कुटुंबे सराफाच्या दुकानात दिसतात. जुन्या टाकांची चांदी नव्या टाकांत उतरलीच पाहिजे, असा अनेक घरांचा कटाक्ष असतो. म्हणून घरातले वडीलधारे माणूस मुशीसमोरून हलत नाही. चांदी एकदा वितळली की ती आपल्या देव्हाऱ्यातली की दुसऱ्या कुणाची, हे घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. जे पाहायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे ते वितळण्याआधी.

हाच प्रश्न मंदिरापुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या तुळजाभवानी मंदिर संस्थानाकडे भाविकांनी वाहिलेले सोने-चांदी वर्षानुवर्षे साठत गेले. 2023 मध्ये त्याची मोजदाद झाली तेव्हा सोनेच 200 किलोच्या वर भरले. चांदी त्याच्या कित्येक पट. हे दागिने वितळवण्याची परवानगी पुढे आली आणि वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण वितळवण्याआधी प्रत्येक जिन्नसाची नोंद हवी, हा आग्रह मला मनापासून पटतो. देवीच्या सोन्यासाठी आपण तो धरतो, तसाच शेतकऱ्याच्या तांब्यासाठी आणि बंधाऱ्याच्या लोखंडासाठीही धरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

कारण तेही रोज वितळते आहे. तुळजापूर हे रस्त्यांचे गाव. सोलापूरहून धाराशिव-बीडकडे जाणारा महामार्ग इथून जातो, औसा-लातूरमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग इथूनच सुरू होतो, आणि तालुक्यातल्या नळदुर्गावरून हैदराबादचा रस्ता जातो. गल्लीबोळांतून फिरणारा हातगाडीवाला किंवा तीनचाकीवाला जे गोळा करतो ते संध्याकाळी रस्त्याकडेच्या गोदामात येते. तिथे काट्याशेजारी ढीग पडत जातात. पत्रा वेगळा, जाड लोखंड वेगळे, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळे, ‘जर्मन’ची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली वेगळी. तांबे आणि पितळ मात्र उघड्यावर नसते. ते आतल्या खोलीत, कुलपात. तिथून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो आणि लोखंड शेवटी भट्टीला लागते. मराठवाड्यात भट्टी म्हटले की जालना. तिथल्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई बनते. तुमच्या-आमच्या स्लॅबमध्ये कुणाची तरी मोडकी मोट, नांगराचा फाळ आणि सायकलची रिमही असू शकते.

हा धंदा देशाच्या उपयोगाचा आहे, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. केंद्र सरकारच्या 2019 च्या पोलाद भंगार धोरणातला हिशेब असा, की एक टन भंगार वापरले तर सुमारे 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते. अ‍ॅल्युमिनियम नव्याने काढायला लागणाऱ्या विजेतली जवळजवळ 95 टक्के वीज ते पुन्हा वितळवून वापरल्यास वाचते. भंगारवाल्याकडे नाक मुरडून पाहणाऱ्या आपल्या समाजाने हे आकडे एकदा नीट वाचावेत.

पण याच काट्यावर दुसराही माल येतो.

शिवारातले रोहित्र, ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात, त्याच्या टाकीत तेलात बुडालेले वेटोळे असते. ते तांब्याचे असले की चोराची नजर त्यावर असते. रात्री वीजपुरवठा तोडायचा, डीपी खाली पाडायची, तेल जमिनीवर सोडून द्यायचे आणि वेटोळे कापून न्यायचे. हाती काही किलो तांबे लागते; पण त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांचे पंप बंद पडतात. ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत हे घडले तर नवी डीपी बसेपर्यंत रान तसेच वाळत राहते. विहिरीवरच्या मोटारीची केबल जाते. पवनचक्क्यांच्या तारा जातात. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी चोरी म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्यांचे लोखंडी दरवाजे. पावसाळ्यात ते काढून काठावर रचून ठेवतात. पाऊस सरला की ऑक्टोबरात पुन्हा बसवून पाणी अडवायचे असते. तेव्हा दरवाजेच नसले तर वाहते पाणी निघून जाते, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात ते पुढच्या जूनपर्यंत परत येत नाही. लोखंडाच्या दराने किलोवर विकले गेलेले ते दरवाजे प्रत्यक्षात एका गावाचा उन्हाळा असतात.

या चोरीसाठी कायदा नाही असे कुणी म्हणू नये. वीज अधिनियम 2003 च्या कलम 136 खाली वीजवाहिनी व साहित्याची चोरी हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कलम 137 तेच साहित्य घेणाऱ्याला, म्हणजे खरेदीदाराला लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये चोरीचा माल घेणे व बाळगणे हा गुन्हा आहे. असा माल घेण्याचा सराव असल्याचे सिद्ध झाले तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही होऊ शकते. रेल्वेच्या मालासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 124 तर बाळगलेल्या संशयास्पद मालाचा समाधानकारक खुलासा देता न येणे हाच गुन्हा मानते.

कलम 317 मधल्या एका अटीवर व्यापाऱ्याने लक्ष ठेवावे. माल चोरीचा आहे हे ‘माहीत असताना’ किंवा तसे ‘मानायला कारण असताना’ घेतला, तर गुन्हा होतो. मला काय माहीत, हे उत्तर त्यामुळे पुरत नाही. कारण कशाला म्हणायचे, हे काट्यावर बसणाऱ्याला उत्तम कळते. तांब्याची तार जाळून आणलेली असते तेव्हा ती काळपट पडते, हाताला ठिसूळ लागते आणि सोलून आणलेल्या चकचकीत तारेपेक्षा तिला दर कमी मिळतो. घरातल्या वायरिंगची थोडी तार समजू शकते. पण ज्याच्याकडे ना गॅरेज ना वायरिंगचे काम, असा माणूस पहाटे गोणीभर जळके तांबे घेऊन आला तर कारण समोर उभे आहे. एकाच मापाच्या, भोके पाडलेल्या जाड लोखंडी पट्ट्या ट्रॅक्टरमधून आल्या तर तेच. गटारावरची झाकणे, रस्त्याच्या कडेचे कठडे, पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह यांना कुठल्याही खासगी घरात जागा नसते.

सरकारी वस्तूला भंगारात जायचा एक सरळ रस्ता आहे. ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की वीज कंपनी, वस्तू निकामी ठरवून तिचे निर्लेखन होते, मग लिलाव होतो आणि घेणाऱ्याला विक्रीचा कागद मिळतो. व्यापाऱ्याने एवढाच प्रश्न विचारायचा, ‘निर्लेखनाचा कागद दाखवा.’ कागद नाही तर माल नाही. चोराच्या वाटेवरचे सगळ्यात अरुंद वळण काटा हेच आहे. शिवारभर पहारा ठेवणे कुणालाच शक्य नाही. तालुक्यातली गोदामे मात्र मोजता येतात.

म्हणून वही. तारीख, वेळ, विकणाऱ्याचे नाव आणि ओळखपत्र, गाडीचा क्रमांक, मालाचे वर्णन, वजन, दिलेली रक्कम. आज मोबाइलवर मालाचा आणि गाडीचा फोटो काढायला क्षण लागतो. ब्रिटनने यात कडक पाऊल उचलले. तिथल्या रेल्वेच्या आणि टेलिफोनच्या तारांची चोरी हाताबाहेर गेल्यावर 2013 चा भंगार धातू व्यापारी कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये आला. परवाना सक्तीचा, विकणाऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे, आणि भंगाराचे पैसे रोख देण्यावर पूर्ण बंदी. आपल्याकडे आयकराच्या नियमांत एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च हिशेबात धरला जात नाही. पण ती तरतूद करासाठी आहे, चोरीसाठी नाही. वीस किलो तांबे दोन गोण्यांत, दोन नावांवर, दोन दिवसांत घेतले की ती चुकवता येते. तांब्यापुरते तरी पैसे खात्यावरच द्यावेत, असे मला वाटते. खात्यावरचा व्यवहार चोराला सर्वांत जास्त अडचणीचा असतो.

इथे एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. पोलिसांचा पहिला संशय नेहमी गोदामाच्या मालकावर जात नाही. तो पाठीवर गोणी घेऊन फिरणाऱ्यावर जातो. भंगार वेचणाऱ्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. तुळजापूरपासून 45 किलोमीटरवरच्या सोलापुरात इंग्रजांनी अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या वस्तीला अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला, पण संशय घ्यायची सवय गेलेली नाही. नोंदवही त्यांच्याविरुद्ध वापरायचे हत्यार होऊ नये. उलट नियमित माल आणणाऱ्या बाईचे नाव वहीत रोज असेल, तर तिचा माल कुठून येतो हे सांगायला वही उभी राहते. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली. गळ्यात ओळखपत्र आले की पोलिसांशी आणि सोसायटीच्या वॉचमनशी बोलण्याची पट्टी बदलते. तुळजापूरच्या नगरपरिषदेने नवरात्र आणि कोजागिरीच्या गर्दीनंतर शहरातून टनांनी निघणारा पत्रा आणि बाटल्या वेचणाऱ्यांना अशी कार्डे द्यायला काहीच हरकत नाही.

वहीबरोबर वजनही खरे हवे. काटा मारणे हा शब्दप्रयोग उगाच रुळलेला नाही. वैधमापन शास्त्र यंत्रणेकडून इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन मुद्रांकन झाले पाहिजे. गरिबाच्या गोणीतून दोन किलो खाणारा काटा हीसुद्धा चोरीच आहे.

कराचे नियम अलीकडे बदलले. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतले तर जीएसटी खरेदीदाराने भरायचा असतो. नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या आपसातल्या मोठ्या व्यवहारांत दोन टक्के टीडीएस कापावा लागतो. खोट्या बिलांच्या धंद्याला चाप लावायचा हेतू आहे. बाकी तपशील सीएला विचारावा.

जुन्या गाडीचे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे. दुचाकी भंगारात काढली आणि आरसी बुक कपाटात राहिले, तर कागदावर गाडी अजून तुमचीच असते. तिचा चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर चढला आणि ती गुन्ह्यात सापडली, तर पोलीस तुमच्या दारात येतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचे 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते.

आता जिवाचा भाग. गोदामात सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे बंद भांडे. गॅसचे जुने सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, गाडीचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही तोंडे चेपलेला पाइप. गॅस कटरची ज्योत लागली की आतल्या वायूचा किंवा तेलाचा स्फोट होऊ शकतो. तोच पाइप न कापता भट्टीत गेला आणि आत पावसाचे पाणी असले, तर सुमारे 1600 अंशांच्या रसात त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते, हजाराहून अधिक पट फुगते आणि रस बाहेर उसळतो. ऑगस्ट 2024 मध्ये जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीच्या स्फोटात वीसहून अधिक कामगार होरपळले. भट्टीचे अपघात अनेक कारणांनी होतात. पण ओले आणि बंद भंगार हे त्यांतले टाळता येण्याजोगे कारण आहे, आणि ते टाळायची जागा भट्टीपासून शेकडो किलोमीटर दूर, आपल्याच गोदामात आहे. बंद वस्तू वेगळी ठेवायची, तोंड उघडून रिकामी केल्याशिवाय पुढे पाठवायची नाही.

बॅटरीचा धोका सावकाश येतो. शिसे 327 अंशांवर वितळते, म्हणजे चुलीवरही. म्हणूनच परसात बॅटऱ्या फोडून, आम्ल नालीत ओतून, शिशाच्या लगडी पाडण्याचा उद्योग चालतो. त्याची धूळ अंगणातल्या पोरांच्या हातातून पोटात जाते आणि मेंदूवर परिणाम करते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालात जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली सर्वाधिक मुले भारतात आहेत. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत करा. किमतीत सूटही मिळते. भंगारवाल्याने ती उभी, छपराखाली, प्लास्टिकच्या ट्रेवर ठेवावी आणि फोडू नये.

आणि दिल्लीतले मायापुरी विसरू नये. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षे पडून असलेले एक यंत्र 2010 च्या फेब्रुवारीत लिलावात निघाले. एप्रिलमध्ये भंगार बाजारात कामगार आजारी पडू लागले; त्या यंत्रात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ होता. एकाचा जीव गेला. इथे लिलाव रीतसर होता, कागदही होता. आत काय आहे ते मात्र कुणी पाहिले नव्हते. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसले, किंवा लहान आकाराच्या मानाने भलतेच जड शिशाचे भांडे आले, तर कापायचे नाही, माणसे दूर करायची आणि 112 वर फोन करायचा.

तालुक्यात हे सगळे जुळवायला नवा कायदा लागत नाही. पोलीस ठाण्याने गोदामांची यादी करावी आणि व्यापाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवावा. कुठल्या शिवारात डीपी फुटली, कुठल्या बंधाऱ्याचे किती दरवाजे गेले, हे त्याच सकाळी त्यावर पडावे. आज ती खबर पंचनामा आणि फिर्याद पुरी होईपर्यंत फाइलमध्येच असते आणि तोवर माल जिल्ह्याबाहेर गेलेला असतो. महावितरणने तारांवर आणि जलसंधारण विभागाने दरवाजांवर खूण कोरावी, क्रमांक टाकावा. दरवाजे पावसाळ्यात काठावर न ठेवता ग्रामपंचायतीच्या आवारात मोजून आणावेत आणि ऑक्टोबरात मोजून बसवावेत. दोन्ही वेळच्या आकड्यांवर सरपंच आणि शाखा अभियंता यांच्या सह्या असाव्यात.