घरचा क्लास पुढच्या पिढीकडे जातो, म्हणजे काय जातं?

(वसईत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

रविवार, त्यात मेगाब्लॉक, तरीही विरार-नालासोपाऱ्याहून एवढे जण आलात, त्याबद्दल आधी आभार.

आज नृत्याबद्दल बोलायचंय, पण रंगमंचावरच्या नृत्याबद्दल कमी. आपल्या भागात सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुणाच्या तरी घरच्या बाहेरच्या खोलीत भरतनाट्यम् आणि कथकचे क्लास चालतात. त्यातले बरेचसे घरचेच असतात. आई शिकवते, मुलगी लहान बॅच घेते, वडील फी आणि हॉलचं भाडं सांभाळतात. असा क्लास एका पिढीकडून दुसरीकडे जातो तेव्हा नेमकं काय जातं, एवढाच आजचा प्रश्न.

प्रश्न माझा स्वतःचा आहे. मी ज्यांच्याकडे शिकले त्या आमच्या बाई वसईतच शिकवायच्या. त्या गेल्या, तेव्हा आम्ही सात जणी अशा होतो की पूर्ण मार्गम् करू शकत होतो, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत सगळं. क्लास चालू ठेवायचा असं आम्ही ठरवलं. दोन महिन्यांत तो बंद पडला. नाच येत नव्हता असं नाही. समोर बसून नाचवणं आमच्यातल्या एकीलाही येत नव्हतं.

हे जरा उलगडून सांगते. भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमात बाजूला गायक, मृदंगवादक बसतात, आणि त्यांच्याबरोबर एक व्यक्ती हातात छोटे टाळ घेऊन बसते. त्या टाळांपैकी एक पितळेचा असतो, दुसरा पोलादाचा, म्हणून तो नाद इतका टोकदार येतो. ही व्यक्ती बोल म्हणते आणि नर्तिकेच्या पावलांबरोबर टाळ वाजवते. याला नट्टुवांगम् म्हणतात, आणि ते करणारा तो नट्टुवनार. प्रेक्षकांना वाटतं, हा ताल धरून बसलाय. खरं तर सगळा कार्यक्रम त्याच्या हातात असतो. नर्तिका दमली का, तिचा पाय अर्ध्या मात्रेनं मागे पडतोय का, गायकाला ओळ अजून एकदा घ्यायला सांगायची का, हे सगळं तो बघत असतो. अर्धा-पाऊण तासाचं वर्णम् असेल तर हे भान एक क्षणही सुटून चालत नाही.

क्लासमध्ये टाळांऐवजी लाकडी ठोकळा आणि दांडा असतो, त्याला तट्टुकळी म्हणतात. पहिल्या दिवशी आलेल्या मुलीला ‘तै या तै’वर पाय आपटायला शिकवतात. तेच मग दुप्पट लयीत, मग चौपट. आता मुलगी एवढंच शिकते की आपले पाय कुठे पडले. दांडा धरणारी मात्र एकाच वेळी पंधरा मुलींचे पाय ऐकत असते आणि त्यातली चौथी चुकली हे तिला न बघता कळतं. आम्ही सात जणी दहा-बारा वर्षं त्या ठोकळ्याच्या एकाच बाजूला उभ्या होतो, दुसऱ्या बाजूला कधी बसलोच नाही.

घरातल्या मुलाचं तसं नसतं. तो क्लासच्या दारात खेळता खेळता वाढतो. त्याला नाच शिकवायच्या आधी चूक ऐकू यायला लागते. कुणाला रागवायचं, कुणाला नुसतं पाणी पिऊन ये म्हणायचं, हेही तो बघतो. माझं म्हणणं असं की कुटुंबातून जातो तो मुख्यतः हा वर्ग. नाच काय, तो बाहेरच्यांनाही मिळतो.

आपल्या जवळचं सगळ्यात ठळक उदाहरण माटुंग्याचं. 1945 साली मुंबईत श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू झालं. तंजावर भागात, कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर नावाचं गाव आहे, तिथल्या नट्टुवनार घराण्याची ही संस्था. घराण्यातले वडीलधारे गुरू कुप्पय्या पिळ्ळै, त्यांचे जावई गोविंदराज पिळ्ळै, मुलगी करुणांबाळ, मुलगे महालिंगम् पिळ्ळै आणि कल्याणसुंदरम् पिळ्ळै. सासरे, जावई, लेक, मुलगे, सगळे शिकवणारे! मुंबईतल्या नाना भाषा बोलणाऱ्या मुली तिथे एकाच बाणीत नाचायला शिकल्या. मला यात करुणांबाळ यांचं नाव फार महत्त्वाचं वाटतं, कारण जुन्या व्यवस्थेत साधारणपणे घरातल्या बायका नाचायच्या आणि टाळ पुरुषांच्या हातात असायचा.

ही कुटुंबं मुंबईला का आली? तंजावरचं राज्य 1855 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि दरबाराचा आधार गेला. पुढे देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ झाली, 1947 साली मद्रास प्रांतात कायदा आला, त्यानं मुली देवाला वाहणं बंद केलं आणि मंदिरातलं त्यांचं नृत्यही. प्रथा जायलाच हवी होती. पण झालं असं की त्या घरांतल्या नाचणाऱ्या बायकांच्या पायाखालचा रंगमंच गेला, आणि शिकवणाऱ्या पुरुषांना शहरांत नवे विद्यार्थी मिळाले. आज आपण ‘घराण्याची परंपरा’ म्हणतो तेव्हा त्या घरातल्या बहुतेक बायकांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. हे बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तमिळ. आपला काय संबंध? वसईकरांना 1739 साल सांगावं लागत नाही, चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला ते वर्ष. त्याच वर्षी तिकडे तंजावरच्या गादीवर प्रतापसिंह भोसले आले. म्हणजे इथे मराठी फौजा तटाला भिडल्या होत्या, आणि तिथे मराठी राजे तमिळ मुलखात राज्य करत होते. त्याच घराण्यातले दुसरे सरफोजीराजे, कारकीर्द 1798 ते 1832. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम आज वसईतली दहा वर्षांची मुलगीही पाठ म्हणते, तो या भावांनी बसवलेला. तोही एक कौटुंबिक उद्योगच म्हणायचा!

आणि सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेल्या मराठी रचना आहेत, त्यांना निरूपणं म्हणतात. एका निरूपणात अठरा भाग, पण सगळ्यांचा राग एक, ताल एक आणि विषयही एकच. या रचना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होत्या, पण नाचल्या जात नव्हत्या. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास केला, त्या पुन्हा बसवल्या, ‘तंजावर नृत्य प्रबंध’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर. त्या पुढे किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या, आणि किट्टप्पा पिळ्ळै हे त्या चार भावांच्याच वंशातले. गंमत बघा, राजघराणं गेलं, दरबार गेला, रचना कागदावर राहिल्या. त्या पायांत परत आणल्या त्या घराण्याशी रक्ताचं काहीही नातं नसलेल्या माणसांनी.

सुचेताताईंनी हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम् बसवण्याचा ‘नृत्यगंगा’ हा प्रयोग केला, पुण्यात कलावर्धिनी उभी केली. आज तिथे त्यांची मुलगी अरुंधती पटवर्धन शिकवतात. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेली विद्या एका घरात येऊन पुन्हा आईकडून लेकीकडे गेली.

कथकमध्येही असंच. रोहिणी भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली. घरात कथकची परंपरा नव्हती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकल्या. आणि त्यांच्या घरातून पुढे नाव झालं ते सुनेचं, शमा भाटे यांचं. सासू-सून हे नातं आपल्या मालिकांमध्ये भांडणासाठी राखीव आहे. इथे ते गुरू-शिष्येचं होतं. शमाताईंनी ‘नादरूप’ ही स्वतःची संस्था काढली आणि स्वतःच्या पद्धतीनं नृत्यरचना केल्या. परंपरा चालवणं म्हणजे पाटीवर तेच नाव ठेवणं, असा माझा समज होता. तो इथे मोडला.

आता अवघड भाग. घरच्या संस्थेत बाहेरच्या मुलीचं काय? तिला पदं मिळतात, वर्णम् मिळतं, टाळ मिळतात का? बऱ्याच ठिकाणी नाही. घरची मुलगी साधारण असली तरी गादी तिची, आणि उत्तम शिष्या एक दिवस गुपचूप दोन स्टेशनं सोडून स्वतःचा क्लास काढते. मग बोलणं बंद. वसई ते विरार या पट्ट्यात असे अबोले किती आहेत ते इथे बसलेल्यांना माहीत आहे. हसताय म्हणजे माहीत आहे!

उलट बाजूही बघा. गुरूच्या मुलीला कुणी विचारलेलं असतं का? तिला कदाचित केमिस्ट्री करायचं असेल. सकाळी लोकलला लटकून अंधेरीला नोकरीला जायचं, आणि संध्याकाळी परत येऊन आईची बॅच घ्यायची, का, तर परंपरा. एक मुलगी मला म्हणाली होती, ‘मला नाच आवडतो हे ठरवायला वेळच मिळाला नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परीक्षांनी यात थोडी मदत केली, थोडं नुकसान. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आहेत. त्यामुळे कुणाच्या घरात जन्मलात याला महत्त्व राहत नाही, अभ्यासक्रम सगळ्यांना एकच. पण दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात आणि त्या निकालानंतर निम्मी बॅच गळते. जी मुलगी दोन वर्षांनी दांडा धरायला तयार झाली असती तीच नेमकी जाते.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. हो, सात जणींपैकी तिघींनी नंतर पुन्हा क्लास काढला. आधी एका नट्टुवनारांकडे जाऊन चार वर्षं फक्त टाळ शिकलो, नाच नाही. बाईंच्या यजमानांनी त्यांची तट्टुकळी आम्हाला दिली, ठोकळ्याला मधोमध खड्डा पडलाय. आता दर शनिवारी तिसऱ्या वर्षाच्या मुलींपैकी एकीनं समोर बसायचं आणि पहिल्या वर्षाला घ्यायचं. पहिल्यांदा बसवलेली मुलगी रडली. म्हणाली, ‘ताई, मला सगळ्या एकदमच ऐकू येतायत.’ मी म्हटलं, अगं, तेच तर हवंय.

या मुलींत माझी पुतणी पण आहे. तिचा नंबर अजून आलेला नाही, आणि ती त्यावरून माझ्यावर रागावलेली आहे.

थांबते इथे. प्रश्न घेऊ या. हां, त्या मागच्या काकांना जरा माईक द्या.