*होडीचं इंजिन फुल्ल रेसला पळत नाही? आधी आवाज ऐका*



उजनीचं पाणी मागं सरलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांची होडी रोज पाण्यात असते. कुणी मासेमारीला जातं, कुणी पलीकडच्या काठाला, कुणी पाण्यातली मोटार पुढे सरकवायला. अशा वेळी इंजिन चालू होतं, पण नेहमीचा वेग येत नाही. लगेच "इंजिन गेलं, खोलायला लागणार" असं समजू नका. फुल्ल रेस देऊन नीट ऐका.

*१) आवाज चढतो, पण होडी पळत नाही*
इंजिनात जोर आहे, तो पाण्यापर्यंत पोचत नाही. दोष पंख्याकडे शोधा.
▪️ इंजिन बंद करून प्लगची वायर काढा, मगच पंख्याला हात लावा.
▪️ जलपर्णी, जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलाय का बघा. दोरा आत शिरला तर सील कापतो. मग गिअर ऑइल दुधासारखं पांढरं दिसतं.
▪️ पाणी कमी झालं की बुडालेली बाभळीची खोडं, जुन्या भिंती वर येतात. पाती वाकली, कड तुटली का तपासा.
▪️ पंख्याच्या मधलं रबर सुटलं की दांडा फिरतो, पाती मागे राहतात. मधल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटली असेल तर रबर गेलं.
▪️ इंजिन जास्त वर बसवलं असेल तर पंखा हवा ओढतो. पंख्यावरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत हवी.

*२) आवाजच चढत नाही, इंजिन दबल्यासारखं चालतं*
▪️ आधी ओझं बघा. तळात साचलेलं पाणी, ओली जाळी, तळाला धरलेलं शेवाळ, जास्तीची माणसं. याला खर्च शून्य.
▪️ टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? बंद असेल तर थोडं अंतर जाऊन इंजिन गळपटतं.
▪️ फुल्ल रेसला असताना दुसऱ्या माणसाला पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. वेग वाढला तर पेट्रोल कमी पोचतंय. नळी, फिल्टर, पंप बघा.
▪️ टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर बसला तर पाणी आहे. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून जुनं पेट्रोल वापरू नका.
▪️ दोन सिलेंडरचं इंजिन असेल तर दोन्ही प्लग काढून बघा. एक कोरडा, एक ओला असेल तर ओल्या बाजूचा सिलेंडर बहुतेक पेटत नाही.
▪️ इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा. कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडली पाहिजे. नसेल तर केबल सैल आहे.

⚠️ थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन लगेच बंद करा. गाळाने तोंड बुजलंय किंवा आतला रबरी पंखा झिजलाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच ओझ्यावर, त्याच अंतरावर फेरी मारून बघा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही.

*हे का सांगतोय?* २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जणांचा जीव गेला. वारा सुटल्यावर काठ गाठायला इंजिनाचा पूर्ण जोर लागतो. पण चांगलं इंजिनही वादळाला पुरत नाही. आभाळ भरलं तर निघू नका, प्रत्येकाला जॅकेट द्या, वल्हं सोबत ठेवा.

दुरुस्तीची चाचणी सकाळी, शांत पाण्यात, काठाजवळच घ्या. हा मेसेज आपल्या गावातल्या होडीवाल्यांना जरूर पाठवा.