सत्त्याण्णवचा पिस्टन

पुसदला आजवर जे आलं आणि पुसदहून जे गेलं, ते रस्त्यानं. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लोहमार्गावर गावाचं नाव आहे, पण आमच्या घरातल्या मागच्या पिढ्यांनी रेल्वे पाहिली ती वाशीमला नाहीतर नांदेडला जाऊन. फार पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या डोंगरांतून जात. पुढे बैलगाड्या आल्या, मग ट्रक. कापसाच्या गाठी, सोयाबीन, पोफाळीच्या साखर कारखान्याकडे जाणारा ऊस, उमरखेडकडची हळद, सगळ्याचा भार चाकांवर. ऊस तुटायला लागला आणि गाडी आठ दिवस उभी राहिली, तर गाडीवाल्याच्या घरातलं एखादं लग्न पुढच्या वर्षावर जातं. म्हणून इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : "याचं त्याला चालते का?"

या प्रश्नाचं उत्तर मला पंधराव्या वर्षी मिळालं. आमच्याकडे टाटाची १६१३ होती. इंजिन तेल खायला लागलं, चढावर निळा धूर सोडायला लागलं, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी ते खोललं आणि लायनर-पिस्टनचा संच आणायला सांगितला. ऊसतोडीचे दिवस, घाई होती. बाबांनी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून स्वस्त मिळाला म्हणून संच आणला. पिस्टनचा व्यास बरोबर ९७ मिलिमीटर, पिन बरोबर, रिंगा बरोबर. मिस्त्री त्या दिवशी गावाला गेले होते. त्यांच्या हाताखालच्या पोरानं इंजिन बांधलं. गाडी सुरू झाली, आवाजही गोड. तिसऱ्या खेपेला वाशीम रस्त्यावरच्या खंडाळ्याच्या घाटात तिनं जीव सोडला. खोलून पाहिलं तर एका पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक.

मिस्त्रींनी जुना झिजलेला पिस्टन आणि नवा भोक पडलेला पिस्टन शेजारी शेजारी ठेवले आणि बाबांना वरची खोलगट वाटी दाखवली. दोन्हींच्या वाट्या वेगळ्या होत्या. आमचं इंजिन टर्बोचं. आणलेला संच त्याच घराण्यातल्या बिनटर्बो इंजिनाचा. टर्बो जास्त हवा कोंबतो, तेवढं जास्त डिझेल जळतं, आणि त्या दाबाला, त्या उष्णतेला पुरेल असा पिस्टन वेगळा घडवावा लागतो. वाटीचा आकार बदलतो, दाबाचं गुणोत्तर बदलतं, वरच्या रिंगेच्या खाचेत बहुधा ओतीव लोखंडाचं कडं बसवलेलं असतं. "बसलं म्हंजे जुयलं असं नसते, भाऊ," एवढंच मिस्त्री म्हणाले. बाबांना त्यांनी दोष दिला नाही, पोरालाही नाही.

तेव्हापासून ट्रकच्या इंजिनांच्या कुळकथा मी गोळा करत आलो आहे. इथे त्यातल्या आमच्या रस्त्यांवर धावलेल्या, एमएच २९, ३७, ३८ आणि २६ या पाट्यांखाली भेटणाऱ्या घराण्यांपुरतं लिहितो.

सर्वांत मोठं घराणं अर्थातच टाटांचं. १९४५ साली रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी निघालेल्या टेल्कोनं १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, पण आतलं इंजिन लगेच परकं झालं नाही. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत.

टाटांनी इंजिनांना दिलेले आकडे ज्याला वाचता येतात, त्याचं निम्मं काम सोपं होतं. पहिला आकडा सिलिंडरांचा, पुढचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२चा बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७चा. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली किती चालतो, हे या आकड्यात कुठेच नाही. ६९२चा स्ट्रोक १२० मिलिमीटर, ६९७चा १२८. ज्याला गणित आवडतं त्यानं करून पाहावं : ९७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७३.९ चौरस सेंटिमीटर, त्याला १२.८ सेंटिमीटरनं गुणलं की एका सिलिंडरचे ९४६ घनसेंटिमीटर. सहानं गुणलं की ५६७५. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचा बोअर-स्ट्रोकही नेमका हाच, ९७ बाय १२८. ब्राझीलमध्ये ते इंजिन १११३ या ट्रकांमध्ये इतकं पसरलं की तिथल्या रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांना ते आमच्या मिस्त्र्यांना ६९७ ठाऊक असतं तितकंच पाठ असणार. आमच्या गावातल्या शेडमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतल्या शेडमध्ये एकाच मापाचा पिस्टन हातात घेतला जातो, हे मला अजून नवलाचं वाटतं.

गाडीचं नाव आणि इंजिनाचं नाव यांत मात्र गल्लत करू नये. १२१० म्हणजे बारा टन वजन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशेतीस. हे गाडीचे आकडे, इंजिनाचे नव्हेत. १९९३ मध्ये टाटा-कमिन्स ही भागीदारीतली कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर १६१३ या एकाच नावाखाली दोन वेगळी इंजिनं रस्त्यावर आली : टाटाचं स्वतःचं ६९७ आणि कमिन्सचं ६बी. दोघांचा एकमेकांशी नातेसंबंध शून्य. "१६१३चा पिस्टन द्या" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला दुकानदार म्हणूनच उलट विचारतो, "कोणती? टाटा का कमिन्स?" आणि मग "टर्बो का साधी?" हे दोन प्रश्न न विचारणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये, हे मी पदरच्या पैशांनी शिकलेलो आहे.

चार सिलिंडरवाल्या ४९७मध्ये तर आणखी बारकी फसगत आहे. आकड्यावरून बोअर ९७. पण ४०७मधलं ४९७ एसपी २९५६ सीसीचं, आणि ११०९सारख्या गाडीतलं ४९७ टीसीआयसी ३७८३ सीसीचं. वरचंच गणित उलटं केलं की दिसतं, पहिल्याचा स्ट्रोक १०० मिलिमीटर, दुसऱ्याचा १२८. दुसरं म्हणजे ६९७चे दोन सिलिंडर कमी केलेलं भावंड. पहिलं त्याच नावाचं पण वेगळ्या बांध्याचं. क्रँक एकाची दुसऱ्याला लागणं शक्यच नाही. भंगाराच्या बाजारातून ‘४९७ची क्रँक’ म्हणून आणलेली वस्तू दोन माणसांनी उचलून शेडमध्ये ठेवायची आणि मग टेपनं मोजून परत न्यायची, असं मी दोनदा पाहिलं आहे.

आकड्यांचा हा टाटाचा नियम दुसऱ्या कंपनीला लावला तर आणखी मोठा घोळ. टाटाचं ४८३ म्हणजे ८३चा बोअर, ९०चा स्ट्रोक, १९४८ सीसी. आयशरचंही एक ई४८३ आहे. ते ३२९८ सीसीचं, १०० बाय १०५ मापाचं, मूळ मित्सुबिशीच्या कुळातलं. नावात तेच तीन आकडे आणि व्यासात १७ मिलिमीटरचा फरक.

आयशरचा विषय निघाला म्हणून १९८०च्या दशकातली ती जपानी लाट आठवते. आयशर-मित्सुबिशी, डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निस्सान : चार जोड्या हलके ट्रक घेऊन जवळजवळ एकदमच उतरल्या. १९८६ साली टाटानं त्यांच्यासमोर ४०७ उभी केली. यंत्र म्हणून जपानी इंजिनं देखणी होती, मवाळ चालत. पण डीसीएमची मालकी पुढे देवूकडे गेली, ऑल्विन महिंद्राकडे गेली, आणि त्या गाड्या ज्यांनी कर्ज काढून घेतल्या होत्या त्यांच्या हाती पार्ट शोधत फिरणं आलं. मला वाटतं, ४०७ टिकली त्यामागे तिच्या इंजिनापेक्षाही एक साधी गोष्ट होती : तिचा पार्ट तालुक्याच्या गावात मिळे. लहान ट्रकवाल्यासाठी याहून मोठा गुण नाही. कागदावर श्रेष्ठ असलेलं इंजिन उभं राहिलं की ते नुसतं लोखंड.

लेलँडवाले आमच्याकडे कमी, पण कट्टर. १९४८ची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली, आणि जुन्या कॉमेटवर काम केलेला मिस्त्री अजूनही ‘सूत’ या मापात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टाटाचा पाना मिलिमीटरचा, जुन्या लेलँडचा इंचाचा. दोन्हीवर काम करणाऱ्याच्या पेटीत दोन संच. चुकून एकाच्या आट्याचा बोल्ट दुसऱ्यात आवळला की पहिले दोन फेरे जातो, आणि मग आटे घेऊन बाहेर येतो. पुढे हिनोच्या तंत्रावर लेलँडनं एच मालिकेची इंजिनं आणली. सहा सिलिंडरांचं एच०६ म्हणजे १०४ बाय ११३, ५७५९ सीसी. त्याच्या शेजारी कमिन्सचं ६बीटी : १०२ बाय १२०, ५८८३ सीसी. दोन्ही सहा सिलिंडरची, दोन्ही पावणेसहा लिटरच्या आसपासची, दोन्ही सोळा टनांपासून पंचवीस टनांपर्यंतच्या गाड्या ओढणारी. आणि तरी एकाचा वॉशर दुसऱ्याला लागेल याची खात्री नाही.

कमिन्स आलं तेव्हा आमच्या मिस्त्र्यांची एक जुनी सवय मोडली. टाटाच्या जुन्या इंजिनात सिलिंडरच्या आत लायनर असतो. झिजला की काढायचा, नवा ठोकायचा, ब्लॉक तोच. कमिन्सच्या बी मालिकेत लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या अंगात चालतो. झिजला की बोअर मोठा करायचा, अर्धा मिलिमीटर, नंतर एक मिलिमीटर, आणि त्या मापाचा जाडा पिस्टन घालायचा. त्यानंतर ब्लॉकमध्ये बाही ठोकण्याशिवाय गत नाही, आणि ते काम चांगल्या बोरिंग मशीनवरच व्हावं लागतं. हेच ५.९ लिटरचं इंजिन १९८९पासून अमेरिकेत डॉजच्या मोठ्या पिकअपमध्ये बसलं आणि तिथे त्याचे भक्त झाले. कमिन्सच्या बाजूनं एक चांगलं बोललं पाहिजे : चार सिलिंडरचं ४बी आणि सहाचं ६बी एकाच बोअर-स्ट्रोकवर उभं असल्यानं त्यांच्यात चालणारे पार्ट बरेच आहेत. जनरेटरचा माल ट्रकला लागतो म्हणतात तो यामुळे. अर्थात टर्बो आहे की नाही, हा खंडाळ्याच्या घाटातला प्रश्न तिथेही विचारावाच लागतो.

पिस्टनइतकीच फसवी गोष्ट म्हणजे बेअरिंग. क्रँकचे जर्नल झिजले की ते घासून बारीक करतात आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. पायऱ्या पाव मिलिमीटरच्या. शेडमध्ये त्यांना दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, कारण पाव मिलिमीटर म्हणजे इंचाचे जवळपास दहा हजारांश. जुनी क्रँक विकत घेताना ‘वीसवर आहे’ असं सांगितलं जातं. तो शब्द मानू नये, मायक्रोमीटर लावावा, आणि प्रत्येक जर्नलला लावावा. जर्नल जिथे दंडाला मिळतो तिथली गोलाई घासणाऱ्यानं राखली आहे का, तेही बघावं. तिथे धार राहिली तर क्रँक तिथूनच तुटते.

डिझेल पंपाचं प्रकरण याहून नाजूक. १९५१ साली स्थापन झालेल्या, बंगळुरूच्या मायकोचे पंप टाटालाही असत आणि लेलँडलाही. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण आमच्याकडे तो ‘मायकोचा पंप’च. बाहेरून दोन पंप जुळ्या भावांसारखे दिसतात. आत प्लंजरचा व्यास, कॅम, गव्हर्नरची बांधणी वेगळी. पंपाच्या अंगावरची पत्र्याची नंबरपट्टी हीच त्याची कुंडली, आणि कितीतरी पंपांवरची ती पट्टी रंगाखाली गेलेली असते किंवा निघून पडलेली असते. नोझलचंही तसंच. फवाऱ्याचा कोन थोडा चुकला तरी डिझेल वाटीत पडायच्या ऐवजी भिंतीवर पडतं. काळा धूर, पातळ झालेलं तेल, आणि शेवटी पिस्टन.

हे सगळं ज्ञान कंपन्यांच्या पुस्तकांत आहेच. पण दोन कंपन्यांची तुलना कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नसते, आणि असण्याचं कारणही नाही. ती तुलना मिस्त्र्यांकडे असते. आमच्या मिस्त्रींकडे एक जाड वही होती, हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर गाडी आणि इंजिन नंबर, उजवीकडे काय घातलं, कोणत्या मापाचं, किती महिने टिकलं. जे टिकलं नाही त्याच्याखाली दोन रेघा. आमच्या त्या पिस्टनखाली दोन रेघा आहेत. माझ्या मते वऱ्हाडातल्या वाहतुकीचा खरा इतिहास अशा वह्यांत पडून आहे, आणि त्या जपल्या जात नाहीत याचं मला मनापासून दुःख होतं.

१ एप्रिल २०१७ रोजी देशभर बीएस-४ हे धुराचं मानक आलं आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६. धुराचा काळा लोट कमी झाला, हे चांगलंच झालं. बाजाराच्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण पार्ट ‘चालण्याचा’ अर्थ बदलला. या नव्या इंजिनांतल्या कॉमन रेलच्या इंजेक्टरच्या डोक्यावर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळं डिझेल सोडतो, म्हणून त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकाला कळवावा लागतो. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, नवाकोरा इंजेक्टर बसवला आणि क्रमांक भरला नाही, तर इंजिन थरथरतं, ओढ कमी होते. धुरांड्यात युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आहे. त्या पाण्यात युरियाचं प्रमाण ३२.५ टक्के लागतं आणि ते बिघडलं की गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते. इथे मायक्रोमीटर पुरत नाही, स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरमध्ये त्या कंपनीचं कुलूप उघडणारी किल्ली लागते.

ही किल्ली कुणाकडे असावी, हा वाद आपल्या देशात नवा नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. माझं मत स्पष्ट आहे : ज्यानं गाडीचे हप्ते फेडले, त्याला ती आपल्या गावात दुरुस्त करता आली पाहिजे. नांदेड किंवा नागपूरपर्यंत दुसऱ्या गाडीनं ओढत न्यायची पाळी येणं हा त्याच्या कमाईवरचा बोजा आहे.

पूर्ण इंजिनच बदलण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना. इंजिन नंबर गाडीच्या नोंदणीपुस्तकात असतो. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नंतर पुस्तकात नोंद, हे करूनच ठेवावं. अपघाताचा दावा अडकतो तो इथे.

आमचे मिस्त्री आता शेडमध्ये खुर्चीवर बसतात. काम त्यांचा तो पोर करतो, ज्यानं आमचं इंजिन बांधलं होतं. त्याचेही केस आता पिकलेत. गेल्या हंगामात मी गेलो तेव्हा उसाच्या गाडीचे चार इंजेक्टर फडक्यावर मांडलेले होते. तो टॉर्च धरून एकेकाच्या डोक्यावरचा क्रमांक अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचत होता, आणि मिस्त्री चष्मा वर करून ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत उतरवत होते, उजव्या पानावर. तिसऱ्या इंजेक्टरला एक अक्षर धड दिसत नव्हतं. "पुसून पाय," मिस्त्री म्हणाले, आणि पोरानं ते पुन्हा डिझेलच्या बोळ्यानं पुसलं.